कलर मोठा की सिक्वेन्स? तीन पत्तीत मुरलेल्यांसाठी पोकरचे हात

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडकडचं गाव, गणपतीचं जागरण. दरवर्षी पडवीत तीन पत्ती रंगते. यंदा पुण्याहून आलेल्या चुलतभावाने पोकर शिकवला. शेवटच्या डावात प्रश्न विचारणाऱ्याकडे पंजी ते नव्वी अशी ओळीने पाच पानं होती, चुलतभावाकडे पाचही बदाम, त्यातलं मोठं पान दश्शी. काजूच्या बियांचा अख्खा ढीग चुलतभावाने ओढला. आजोबा म्हणाले, सिक्वेन्स मोठा. चुलतभाऊ म्हणाला, पोकरमध्ये कलर मोठा. "आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की सिक्वेन्स कलरला मारतो. मग हा उलटा न्याय कुठून आला? तो आम्हाला फसवत तर नाही ना?"

फसवत नाही. ढीग त्याचाच. पण आजोबाही चुकीचं बोलले नाहीत. तीन पत्तीत सिक्वेन्सच मोठा. तीन पानांचा हिशोब पाच पानांना लावला, एवढीच गडबड झाली.

मी वेंगुर्ल्याचा. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो बोटीवर अकरा वर्षं पोकरच्या टेबलावर पत्ते वाटले. आता घरी कलमं बघतो. आमच्या बांदा-सावंतवाडीकडची बरीच पोरं तिकडे कामाला असतात. नवा पोरगा डीलर व्हायला आला की पहिल्या आठवड्यात हमखास हीच चूक करायचा. समोर फ्लश (म्हणजे कलर) आणि स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) उघडे पडले की त्याचा हात आपोआप स्ट्रेटवाल्याकडे चिप्स ढकलायला जायचा. जागरणांत आणि लग्नघरी खेळलेली तीन पत्ती हाडात भिनलेली असते, ती नोकरीच्या पत्राने जात नाही. पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं आणि अख्खं टेबल हसलं होतं. म्हणून मी कुणाला यादी पाठ करायला सांगत नाही. कागद-पेन घेऊन बसवतो आणि मोजायला लावतो.

जो हात कमी वेळा येतो तो मोठा, हे सगळ्याच्या मुळाशी आहे. हात दिसायला किती देखणा आहे, याला काही किंमत नाही.

आधी आजोबांची बाजू मोजू. 52 पत्त्यांच्या कॅटमधून तीन पानं 22,100 प्रकारांनी येऊ शकतात. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत 12 क्रम होतात. क्रमातलं प्रत्येक पान इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी कुठलंही चालतं, म्हणजे दर क्रमाचे 4 × 4 × 4 = 64 प्रकार. 12 गुणिले 64 झाले 768. त्यातले 48 एकाच रंगाचे, म्हणजे प्युअर. ते काढले की साधे सिक्वेन्स उरतात 720. आता कलर. एका रंगाच्या 13 पानांतून तीन उचलायचे 286 मार्ग, रंग चार, म्हणून 1,144. त्यातूनही ते 48 प्युअर वजा केले की 1,096. सिक्वेन्स 720, कलर 1,096. सिक्वेन्स कमी, म्हणून मोठा. आजोबा पास.

आता हेच पाच पानांवर करा. एकूण हात होतात 25,98,960. क्रम 12 वरून 10 वर आले, पण क्रमात आता पाच जागा आहेत, म्हणजे दर क्रमाचे 4 × 4 × 4 × 4 × 4 = 1,024 प्रकार. झाले 10,240, त्यातले एकाच रंगाचे 40 वजा केले की 10,200. कलरसाठी 13 पानांतून पाच उचलायचे मार्ग 1,287. चार रंगांचे मिळून 5,148, वजा तेच 40, उरले 5,108. सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. पारडं पार उलटलं. चुलतभाऊही पास.

ते उलटलं कुठे, ते नीट बघा. दोन पानं वाढल्यावर क्रमाचे प्रकार 64 वरून 1,024 झाले, म्हणजे सोळा पट. कलरचे 286 वरून 1,287, म्हणजे साडेचार पट. सिक्वेन्सला वाडीतला कुणीही माणूस चालतो, फक्त घर शेजारचं हवं. कलरला भावकीतलाच लागतो. तीन माणसं गोळा करायची तर भावकीत सहज मिळतात. पाच म्हटल्यावर फिरावं लागतं.

तीन पत्तीचं मूळ इंग्रजांच्या थ्री कार्ड ब्रॅगमध्ये आहे आणि तिथेही सिक्वेन्स कलरच्या वरच बसतो. पोकर अमेरिकेत वाढला. सुरुवातीला तो दश्शी ते एक्का अशा 20 पानांवरच खेळत आणि त्यात सिक्वेन्स नव्हताच. तो मागाहून आला आणि त्याला कुठे बसवायचं यावर तिकडेही बराच काळ एकमत नव्हतं. तेव्हा तुमच्या पडवीतलं भांडण काही जगावेगळं नाही.

आता पूर्ण उतरंड, खालून वर. काहीच जमलं नाही तर हाय कार्ड: असे हात 13,02,540, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. एक जोडी 10,98,240. इथेच जवळजवळ साडेब्याण्णव टक्के हात संपले. दोन जोड्या 1,23,552. एकाच किमतीची तीन पानं, म्हणजे थ्री ऑफ अ काइंड, 54,912; तीन पत्तीत सगळ्यांत मोठा असलेला ट्रेल इथे खालून चौथा येतो, हे पचायला जरा वेळ लागतो. मग स्ट्रेट, म्हणजे आपला सिक्वेन्स, आणि त्याच्यावर फ्लश, म्हणजे आपला कलर. दोघांचे आकडे वर आलेच. फ्लशच्या वर फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि वर एक जोडी, 3,744. चार सारखी पानं 624. एकाच रंगातला सिक्वेन्स, म्हणजे स्ट्रेट फ्लश, 36. आणि एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का असा रॉयल फ्लश फक्त 4. खरं तर तो स्ट्रेट फ्लशच, सगळ्यांत वरचा. थाट म्हणून वेगळं नाव दिलंय. अकरा वर्षांत माझ्या हातून रॉयल फ्लश दोनदा वाटला गेला आणि दोन्ही वेळा समोरच्यांनी आधीच पानं टाकून दिली होती. बिचाऱ्याला चिल्लर मिळाली.

हे आकडे डोक्यात बसवायचे असतील तर आज रात्रीच एक करा. पावसात पत्ते सर्दावून एकमेकांना चिकटतात, म्हणून आधी थोडी टाल्कम पावडर लावा. नीट पिसा, काटा, आणि एकट्यानेच पाच-पाच पानांचे दहा हात मांडा. दोन पानं हातात उरतील. साधारण पाच हातांत काही नसेल, चारेक हातांत एक जोडी असेल आणि एखाद्यात, असलंच तर, काहीतरी बरं दिसेल. वीस-पंचवीस वेळा हे केलंत की सिक्वेन्स दिसल्यावर अंगावर काटा का यायला हवा ते कळेल, आणि जोडी दिसल्यावर का येऊ नये तेही. मी शिकाऊ पोरांना हेच करायला लावायचो. यादी दुसऱ्या दिवशी विसरते, सर्दावलेले पत्ते वाटून दुखलेली बोटं विसरत नाहीत.

मोजताना मला सापडलेली एक गंमत सांगतो. खेळायला तिचा काही उपयोग नाही. पाच पानांत फुल हाउस 3,744. तीन पानांत जोडीही बरोबर 3,744. पहिल्यांदा मला वाटलं, गुणाकारात चूक झाली. पण नाही. तीन पत्तीतली जोडी अशी मोजतात: जोडीची किंमत 13 प्रकारे, तिचे दोन रंग 6 प्रकारे, तिसऱ्या पानाची किंमत 12 प्रकारे आणि त्याचा रंग 4 प्रकारे. फुल हाउसमध्येही जोडीचं गणित हेच, फक्त एकट्या पानाच्या जागी तीन सारखी पानं. आणि चार रंगांतून तीन निवडणं म्हणजे घरी राहणारा एक निवडणं, म्हणजे पुन्हा 4 प्रकारेच. जागरणात बक्षीस मिळवण्यासारखा प्रश्न आहे हा.

आता तीन पत्तीवाल्यांना न आवडणारी गोष्ट. प्युअर सिक्वेन्स 48 हे वर आलंच. ट्रेल किती? दर किमतीचे 4, किमती 13, म्हणजे 52. म्हणजे प्युअर ट्रेलपेक्षा दुर्मीळ! मोजणीच्या न्यायाने प्युअरने ट्रेलला मारायला हवं. पण मांडवावर तीन एक्के टाकून "घरी जा" म्हणणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. फरक चारच हातांचा, कुणाच्या लक्षात यावा असा नाही. रूढी पडली ती पडली. म्हणून कमी तो मोठा हा नियम धरा, पण तो देवाने लिहून दिलेला नाही हेही असू द्या. आपल्याच सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा. गोल पत्ते, दहा रंग, रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण 120. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, आणि निम्म्यांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी तळाला. खेळणाऱ्यांनी मान्य केलं की तोच क्रम.

याहून मोठी फट पोकरमध्येच आहे. तुमचा चुलतभाऊ जो प्रकार खेळवतोय तो टेक्सस होल्डेम असणार: हातात दोन पानं, मधे पाच उघडी, आणि सातांतून उत्तम पाच. उतरंड पाच पानांवरून ठरलेली, खेळ मात्र सात पानांचा. सात पानांत आकडे सरकतात. जोडी 43.8 टक्के वेळा येते आणि काहीच न जमणं फक्त 17.4 टक्के. दुर्मीळ तो मोठा म्हटलं तर इथे रिकाम्या हाताने जोडीला मारायला हवं! मग तसं का करत नाहीत? कारण करताच येत नाही. रिकामा हात मोठा ठरवलात तर जोडीवाला जोडीतलं एक पान बाजूला सारेल, बाकीच्यांतून पाच उचलेल आणि म्हणेल, माझाही रिकामाच. सात पानांतून पाच निवडायची मुभा असली की मोठेपणाची व्याख्या आपलीच शेपटी गिळते. म्हणून जुनी पाच पानांची उतरंडच कायम ठेवली. जोकर घेऊन खेळलात की हाच घोळ होतो. जोकर काय व्हायचं ते खेळणाराच ठरवतो, आणि तो नेहमी वरच्या पायरीवर उडी मारतो, त्यामुळे वरची पायरी गजबजते. बायकापोरांसोबत मजेला जोकर चालेल, हिशोब शिकायचा असेल तर तो कॅटमधून काढून टाका.

कॅटमधली पानं कमी केली तरी उतरंड हलते. दुर्री ते पंजी काढून 36 पानांवर खेळायचा एक प्रकार हल्ली चालतो. त्यात फ्लश फुल हाउसला मारतो. का ते तुम्हीच मोजा. एका रंगात आता नऊच पानं उरली आहेत, एवढी खूण पुरे.

आता पडवीत खरोखर होणारी भांडणं. सगळ्यांत मोठं होतं तीन जोड्यांवरून. गेल्या गणपतीत आमच्याच घरी झालं. मधे उघडी पानं: इस्पिक एक्का, चौकट अठ्ठी, किलवर अठ्ठी, बदाम पंजी, इस्पिक पंजी. माझ्या मेव्हण्याच्या हातात दोन चौक्या, शेजारच्या काकांकडे राजा आणि राणी. मेव्हण्याने पानं आपटली: "माझे तीन पेअर आसत मा! अठ्ठी, पंजी, चौकी!" काकांचा चेहरा पडला, ते बिया सरकवायला लागले. मी दोघांचे हात धरले. पोकरचा हात पाच पानांचा. सहावं पान कितीही गोंडस असलं तरी ते नाहीच. मेव्हण्याची उत्तम पाच: अठ्ठी-अठ्ठी, पंजी-पंजी आणि एक्का. काकांची उत्तम पाच? तीच. चौक्यांची जोडी वाया, राजा-राणीही वाया, दोघांना निम्मे-निम्मे. मेव्हणा आरतीपर्यंत बोलला नाही.

तुमच्याकडेही हे होणार, तेव्हा बोटीवरची सवय लावून घ्या. शेवटी पानं उघडली की डीलर जिंकणाऱ्या हातातली पाच पानं जरा पुढे सरकवतो आणि उरलेली दोन मागे ठेवतो. टेबलाला पाचच दिसतात, वाद निम्मा तिथेच संपतो. आणि दुसरं, पानं बोलतात. तोंडाने "माझी एकच जोडी" म्हटलं आणि समोर उघडा फ्लश पडला असेल, तर तो फ्लशच. बोलण्यात चुकला म्हणून कुणाचा डाव जात नाही. पण पानं उघडी मांडायलाच हवीत, छातीशी धरून सांगून चालत नाही.

दोघांची जोडी सारखी असेल तर उरलेल्या पानांतलं मोठं बघायचं, त्याला किकर म्हणतात. तेही सारखं असेल तर पुढचं. दोन जोड्यांत आधी मोठी जोडी, मग लहान, मग पाचवं पान. फुल हाउसमध्ये आधी तिघांची किंमत: तीन सत्त्या आणि दोन दुर्र्या हा हात तीन छक्क्या आणि दोन एक्क्यांना मारतो, एक्के असले तरी. दोन फ्लश असतील तर सगळ्यांत मोठ्या पानापासून खाली उतरत जायचं.

आणि रंगाला दर्जा नाही. "इस्पिक मोठा" हे आपल्याकडे इतक्या ठासून सांगतात की मला बोटीवरही ऐकायला मिळायचं. पोकरच्या हातात इस्पिकचा एक्का आणि किलवरचा एक्का सारखेच. पाचही पानांच्या किमती जुळल्या तर वाटणी, रंग काढायचा नाही.

एक्क्याचंही सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या जागरणात तेच निघेल. तीन पत्तीत बहुतेक घरी एक्का-दुर्री-तिर्री हा दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स धरतात, काही घरी पहिला. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यांत लहान स्ट्रेट. तिथे एक्का म्हणजे नुसता एक, आणि साधी छक्कीपर्यंतची ओळही त्याला मारते. राजा-एक्का-दुर्री असा वळसा दोन्हीकडे चालत नाही. आणि चार बदाम म्हणजे जवळपास फ्लश, असं काही नसतं. चार बदाम म्हणजे काही नाही. तीन पत्तीवाल्याला सारखी तीन पानं बघायची सवय, चार दिसली की तो हरखतो आणि तिथेच बिया घालवतो.

डाव चालू असताना उतरंड आठवत बसायची नसते, मधल्या पाच पानांकडे बघायचं असतं. मधे एकही जोडी नाही? मग कुणाकडेही फुल हाउस किंवा चार सारखी असूच शकत नाहीत. एका रंगाची तीन पानं नाहीत? फ्लशचा प्रश्न मिटला. पाच घरांच्या टप्प्यात बसतील अशी तीन वेगवेगळी पानं नाहीत? स्ट्रेटही गेला. समजा मधे राजा, राणी, अठ्ठी, सत्ती, दुर्री आहेत आणि त्यांत एका रंगाची तीन नाहीत. मग मोठ्यात मोठा हात कुणाचा असेल? दोन राजे हातात असणाऱ्याचा, तीन राजांचा. त्याच्या वर काही बनतच नाही. तुमच्या त्या डावात मधे तीन बदाम उघडे होते ना? मग तुमचा स्ट्रेट पुरा झाला त्या क्षणीच चुलतभावाच्या हातातल्या दोन पानांची काळजी करायला हवी होती. उतरंड चुकीची माहीत होती हे खरं, पण मधल्या पानांकडे बघितलं नाही हेही खरं.

काजूच्या बियांवर खेळता हे बरं करता. महाराष्ट्रात पैसे लावून अड्डा भरवणं हा गुन्हाच आहे, आणि पैशाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने 2025 च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, त्यात पोकरही आला. तेव्हा मोबाइलवर शिकतो म्हणून चुलतभाऊ पैसे भरायला सांगत असेल तर कॅट काढा आणि पडवीत बसा.

राहता राहिली निम्म्या-निम्म्या वाटणीत विषम उरणारी बी. बोटीवर उरलेली एक चिप डीलरच्या खुणेच्या (डाव कुणाच्या नावे वाटला ते दाखवणारी चकती) डाव्या हाताला जो पहिला वाटेकरी बसलेला असेल त्याला जाते. तुम्हीही तेच करा. दोघांत बी फोडून वाटायच्या नादाला लागू नका. भाजल्याशिवाय फोडलीत तर टरफलातलं तेल हाताला लागेल आणि दुसऱ्या दिवशी पत्ते पिसायला बोटं राहणार नाहीत.